तरण्या घोड्याची चाल अचानक का बिघडली? आधी तोबरा तपासा



घोडा हा कृषिविद्येच्या शिक्षकाचा विषय नव्हे, हे सुरुवातीलाच कबूल करतो. आजार ओळखणे आणि औषध देणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. परंतु घोड्याच्या डोक्यात बिघाड करणारा एक आजार असा आहे की ज्याचे मूळ गोठ्यात नसून मक्याच्या खळ्यावर असते. तेथे मात्र आम्हा पिकाच्या माणसांनाही उत्तर द्यावे लागते. मला ते द्यावे लागले, म्हणून हा लेख.

सन २०१९ चा खरीप आपणांपैकी अनेकांच्या लक्षात असेल. लष्करी अळीने मका पोखरला आणि दिवाळीच्या आगेमागे परतीच्या व अवकाळी पावसाने कापून ठेवलेली कणसे भिजवली. तापी काठच्या एका गावातील शेतकऱ्याकडे, त्यांना आपण आबा म्हणू, एक घोडी व तिचा दीड वर्षाचा बछेरा होता. बछेरा सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत विकायचा, या बेताने त्याला जादा चंदी चालू होती. यात्रेला आठ दिवस उरले असताना एका सकाळी तो तोबऱ्याला तोंड लावेना. दुपारी मागचे पाय झोकांड्या खाऊ लागले. संध्याकाळी तो तबेल्याच्या भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिला आणि हाक मारली तरी मान वळवेना. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

पशुवैद्यक आले होते. ताप नव्हता. सर्ऱ्याच्या शंकेने रक्ताची काच तपासली, त्यात जंतू दिसले नाहीत. बछेऱ्याला कुत्रे चावले होते का, हे घरात कोणालाच नक्की सांगता येईना. मी चार दिवसांनी मक्याच्या प्रात्यक्षिकाच्या निमित्ताने गावात गेलो, तेव्हा आबांनी विचारले, "सर, दाणा तर माझ्याच शेतातला होता. बाहेरचं काही घातलं नाही. मग झालं काय?" मी चंदी पाहायला मागितली. तोबरा धुतलेला होता, गव्हाण घासलेली होती आणि उरलेली चंदी उकिरड्यावर टाकून वर शेण पडले होते. घरच्यांनी स्वच्छतेच्या भावनेने हे केले होते. पण त्याबरोबर उत्तरही उकिरड्यात गेले. कोपऱ्यातल्या न मळलेल्या कणसांच्या ढिगात मात्र पांढरट-गुलाबी बुरशीची कणसे हाताला लागली.

पहिला संशय पिसाळण्याचाच धरावा

घोड्याचा तोल जाणे, वागणूक बदलणे, लाळ गळणे, गिळता न येणे यांपैकी काहीही दिसले तर रेबीज नाही असे सिद्ध होईपर्यंत तो रेबीजच आहे असे समजून वागावे. घोडा पिसाळला म्हणजे तो चावत सुटतोच असे नाही. कित्येकदा तो नुसता मलूल असतो, लंगडतो किंवा पोट दुखत असल्यासारखा लोळतो. कुत्र्याची जखम भरून गेलेली असते, केसांखाली दिसत नाही.

आपल्याकडे सर्वांत मोठी चूक येथेच होते. घास अडकला असेल असे समजून घरातला जाणता माणूस तोंडात हात घालतो. हे कदापि करू नये. लाळ अंगाला, विशेषतः जखमेला, डोळ्याला वा तोंडाला लागली असल्यास ती जागा लगेच धुवावी. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. आबांच्या घरातल्या सहा माणसांना लशीचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला, कारण बछेऱ्याचा मेंदू तपासलाच गेला नव्हता आणि रेबीज नव्हता असे म्हणायला कोणताही आधार उरला नव्हता.

डोके बिघडले की पाय?

पशुवैद्यक येईपर्यंत आपण लांबून पाहून एक गोष्ट टिपून ठेवू शकता, आणि तिचा त्यांना फार उपयोग होतो. घोड्याची शुद्ध जागेवर आहे का? तो आपल्याला ओळखतो का, हाक मारल्यावर कान टवकारतो का, चारा पुढे केल्यास घेतो का?

शुद्ध जागेवर आहे, डोळे तरतरीत आहेत, खातो-पितो, पण मागचे पाय झोकतात, वळताना पाय एकमेकांत अडकतात, टापा घासतात, अशा घोड्याचा दोष बहुधा मेंदूत नसून मानेच्या मणक्यात किंवा पाठीच्या कण्यात असतो. झपाट्याने वाढणाऱ्या तरण्या घोड्यांत मानेचे मणके आतल्या मज्जारज्जूवर दाब आणतात. हा बिघाड आठवड्या-महिन्यांत हळूहळू वाढत जातो आणि पुढच्या पायांपेक्षा मागच्या पायांत अधिक दिसतो. पुष्कळदा "पोरांनी पळवला म्हणून लचकला" असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते.

याउलट घोडा सुस्त आहे, एकाच बाजूला गोल फिरतो, भिंतीला डोके दाबतो, डोळ्यापुढे हात हलवला तरी पापणी लवत नाही, ओठ लोंबतो, जीभ बाहेर राहते, घास तोंडात तसाच धरून उभा राहतो, तर बिघाड मेंदूत आहे. आबांचा बछेरा या दुसऱ्या प्रकारात बसत होता.

त्यानंतर ताप पाहावा. मोठ्या घोड्याचे तापमान साधारण ९९ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असते. जपानी मेंदूज्वर व वेस्ट नाईल हे डासांमुळे होणारे आजार पावसाळ्यात व त्यानंतर लगेच संभवतात आणि त्यांत बहुधा ताप येतो. घोड्यांच्या हर्पिस विषाणूच्या आजारात आधी ताप येऊन जातो, एकाच तबेल्यातील अनेक घोडी आजारी पडू शकतात, शेपूट ढिली पडते आणि लघवी थेंब थेंब गळते. सर्ऱ्यात ताप चढतो-उतरतो, घोडा रोडावत जातो, पोटाखाली सूज येते व शेवटी मागचे पाय लुळे पडतात. हे सर्व दोन-तीन दिवसांत होत नाही. धनुर्वातात अंग लाकडासारखे ताठते, कान उभे राहतात, डोळ्याच्या कोपऱ्यातील पातळ पडदा बुबुळावर येतो. तो एकदा पाहिलेला माणूस पुन्हा ओळखण्यात सहसा चुकत नाही.

मात्र ही लक्षणे वाचून घरी निदान करू नये. ताप नाही एवढ्यावरून रेबीज किंवा दुसरा कोणताही संसर्ग नाही असे ठरत नाही.

दोन महिन्यांचा आहार आठवावा

निदान करताना "काल काय खाल्ले?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. तो अपुरा आहे. घोड्याच्या बाबतीत "गेल्या दोन महिन्यांत काय काय खाल्ले, कोणते नवीन सुरू केले आणि कोणत्या तारखेला?" असे विचारावे लागते, कारण काही विषे आठवडेच्या आठवडे गुपचूप काम करतात.

फवारलेल्या शेताच्या बांधावर घोडा चरला असेल तर लाळ, घाम, कापरे, पातळ जुलाब ही लक्षणे काही तासांतच दिसतात. कोंबड्यांचे खाद्य घोड्याला घालण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती ताबडतोब सोडावी. त्यात कॉक्सीडिओसिस रोखण्यासाठी मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन मिसळलेले असू शकते. कोंबडीला मानवणारी ही औषधे घोड्याच्या हृदयाला थोड्या मात्रेतही घातक ठरतात आणि झोकांड्या खात घोडा कोसळतो. विदर्भातील शेतकऱ्यांनी लाखेकडे लक्ष द्यावे. लाखेचा दाणा दीर्घकाळ खाऊ घातल्यास घोड्याचे मागचे पाय अशक्त होतात व स्वरयंत्राच्या लकव्यामुळे पळताना घशातून घरघर ऐकू येते. हिरवी ज्वारी किंवा सुदान गवत यांवरच अनेक आठवडे घोडे ठेवल्यास मागच्या पायांचा तोल जातो व लघवीवरचा ताबा सुटतो, असेही नोंदले गेले आहे.

आणि मग येतो मका.

बुरशीचा मका आणि घोड्याचा मेंदू

अमेरिकेतील मका पिकवणाऱ्या भागात या आजाराला "बुरसट मक्याचा रोग" असेच म्हणत. बुरशीचा मका खाऊ घालून तो घोड्यांत मुद्दाम निर्माण करता येतो, हे १९०२ मध्येच दाखवले गेले होते. १९३४-३५ च्या हिवाळ्यात एकट्या इलिनॉय राज्यात सुमारे पाच हजार घोडी दगावल्याचा अंदाज आहे. तरीही नेमके विष कोणते, हे कळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. १९७१ मध्ये इजिप्तमधील मक्यातून वेगळ्या काढलेल्या बुरशीने हा आजार होतो हे दाखवण्यात आले. फ्युजॅरियम मोनिलिफॉर्मी ही ती बुरशी, जिला आज फ्युजॅरियम व्हर्टिसिलिऑइडिस म्हणतात. १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी तिच्यापासून फ्युमोनिसिन हे विष शुद्ध स्वरूपात मिळवले. त्याच वर्षी ते घोड्याच्या शिरेत टोचून तोच आजार आणून दाखवला आणि १९९० पर्यंत तोंडावाटे देऊनही तो सिद्ध झाला.

हे विष पेशींच्या आवरणाला लागणाऱ्या एका स्निग्ध घटकाची बांधणी अडवते. घोड्यात त्याचा मारा यकृत, हृदय व मेंदूवर होतो. मेंदूच्या आतील पांढरा भाग मऊ पडून विरघळतो, बहुधा एका बाजूला अधिक. म्हणूनच घोडा एका बाजूला फिरतो किंवा एका बाजूचे त्याला दिसेनासे होते. दूषित मका साधारण दोन ते नऊ आठवडे पोटात गेल्यावर लक्षणे दिसतात, कधी त्याहून लवकर, कधी उशिरा. परंतु एकदा लक्षणे दिसली की मग वेळ उरत नाही. काही तासांपासून तीन दिवसांपर्यंत बहुतेक घोडी दगावतात. काहींमध्ये यकृताचा बिघाड पुढे येऊन डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात.

घोडा, गाढव व खेचर या विषाला सर्वांत हळवे आहेत. डुकरांत त्याने फुप्फुसात पाणी भरते. गाई-म्हशी व कोंबड्या त्या मानाने बरेच सोसतात. "तोच मका बैलांनी खाल्ला, त्यांना काही झाले नाही, मग घोड्यालाच कसे झाले?" हा प्रश्न आबांनीही केला होता. त्याचे उत्तर एवढेच, की घोड्याच्या शरीराची या विषापुढे सोसण्याची ताकद फारच कमी आहे.

किती कमी? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये घोड्यांसाठी मार्गदर्शक मर्यादा दिली. मक्यात फ्युमोनिसिन ५ पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि असा मका एकूण शुष्क आहाराच्या २० टक्क्यांहून अधिक नसावा. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. तीनशे किलो वजनाचा बछेरा दिवसाला साधारण सहा किलो शुष्क आहार घेतो असे धरू. त्याच्या २० टक्के म्हणजे १२०० ग्रॅम. आबांच्या बछेऱ्याला बाजारासाठी अंग भरावे म्हणून दोन्ही वेळचा मिळून तीन किलो मका मिळत होता. मका मर्यादेच्या आत, म्हणजे बरोबर ५ पीपीएमचा असता तरी एवढ्या मात्रेत त्याच्या पोटात अडीच पट विष जात होते. घोडीला कामापुरती मूठभर चंदी आणि बाकी कडबा होता. ती वाचली, याचे कारण मला तरी यातच दिसते.

मातेऱ्यात विष का साठते

आता माझ्या चुकीकडे येतो.

त्या वर्षी कापणीआधी गावात साठवणीवर सभा झाली होती. मी सांगितले होते, मका चाळून बाजारात न्या, तुटका दाणा व कचरा असल्यास भाव पडतो, चाळण जनावरांना घाला. बाजारापुरता हा सल्ला बरोबर होता आणि आबांनी तो तंतोतंत पाळला. टपोरा, स्वच्छ मका बाजार समितीत गेला. चाळणीखालचा चुरा, फुटके दाणे, किडके दाणे, कणसाच्या शेंड्याचे बारीक दाणे असे सगळे मातेरे पोत्यांत भरून घरी राहिले. बैलांना थोडे गेले आणि उरलेले, यात्रा जवळ आली म्हणून, बछेऱ्याच्या तोबऱ्यात.

फ्युमोनिसिन दाण्यात सारखे पसरलेले नसते. अळीने पोखरलेल्या, साल फुटलेल्या, बुरशीने हलक्या झालेल्या दाण्यात ते जास्त असते, आणि मळणी यंत्रात नेमका हाच दाणा फुटतो. त्यामुळे अख्ख्या दाण्याच्या तुलनेत चुऱ्यात विषाचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक निघते. चाळणी करून आपण बाजारातल्या मक्यातले विष खरोखरच कमी करतो. ते जाते मात्र चाळणीखाली. मी "जनावरांना घाला" म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यापुढे बैल होते. सभेत घोडी पाळणारे शेतकरीही बसले होते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

उकळून, भाजून किंवा उन्हात वाळवून हे विष जात नाही. उन्हाने बुरशीची वाढ थांबते, झालेले विष तसेच राहते. आणखी एक अडचण अशी, की दाणा दिसायला चांगला असला तरी त्यात विष असू शकते, कारण ही बुरशी झाडाच्या आत राहून बाहेर खूण न दाखवताही वाढते. दाण्यावर टोकापासून चांदणीसारख्या पांढऱ्या रेषा दिसल्यास संशय घ्यावा. पण रेषा नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये.

हे केवळ घोड्यांपुरते आहे असेही नाही. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी व मका खाल्ल्याने माणसांना पोटदुखी व जुलाबाची साथ आली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला तेव्हा त्या धान्यात फ्युमोनिसिन आढळले. तेव्हा भाकरीच्या पिठालाही हाच नियम लावावा.

घोडा आजारी पडताच

जुनी चंदी त्याच क्षणी बंद करावी, आजारी घोड्याची आणि तबेल्यातील इतर सर्व घोड्यांचीही. जी अजून निरोगी दिसतात त्यांच्यावर पुढे काही दिवस नजर ठेवावी, कारण खाणे थांबवल्यानंतरही लक्षणे येऊ शकतात. पशुवैद्यकांकडून त्यांच्या रक्ताची यकृतासाठी तपासणी करून घ्यावी.

घोड्याला नळीने तेल, काढा, ताक असे काहीही पाजू नये. घशाला लकवा असल्यास ते सरळ फुप्फुसात जाते आणि मूळ आजाराआधी त्यानेच घोडा मरतो. मऊ अंथरूण घातलेल्या, शांत व कमी उजेडाच्या जागी त्याला मोकळा ठेवावा. आगाडी-पिछाडी बांधू नये, झटक्यात तो स्वतःला इजा करून घेतो. सुस्त दिसणारा घोडा आवाजाने किंवा स्पर्शाने एकदम उधळू शकतो, म्हणून मुलांना जवळ येऊ देऊ नये व माणसाने भिंत आणि घोडा यांच्यामध्ये उभे राहू नये.

फ्युमोनिसिनवर उतारा नाही. पशुवैद्यक मेंदूची सूज कमी करण्याचा व झटके आवरण्याचा उपचार करतात, त्यातून क्वचित एखादा घोडा वाचतो आणि त्यातही काहींत कायमचे व्यंग राहते. हे कटू आहे, पण खर्चाला हात घालण्यापूर्वी पाळणाऱ्याला ते ठाऊक असावे.

नमुना राखणे ही निम्मी तपासणी

तोबरा धुऊ नये. गव्हाण घासू नये. पोते झटकू नये. आजाराचे कारण कळेपर्यंत ही तीन कामे घरातल्या सर्वांना बजावून बंद ठेवावीत.

विष ढिगात ठिपक्यांसारखे असते, म्हणून वरची एक मूठ उचलून पाठवलेला नमुना निरुपयोगी ठरतो. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून व तळातून थोडा थोडा दाणा घ्यावा, सर्व एकत्र मिसळावा आणि त्यातून किमान एक किलो काढावा. तळाचा चुरा अवश्य घ्यावा. दाणा ओलसर असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नये, वाटेत बुरशी वाढते. कागदी किंवा कापडी पिशवीत भरून वर तारीख, मका कोणत्या शेतातला, कधी मळला, कोणत्या तारखेपासून किती किलो चारला हे लिहावे. शक्य झाल्यास दोन नमुने करून एक घरी राखावा. फ्युमोनिसिनची तपासणी एलायझा किंवा एचपीएलसी पद्धतीने होते. ती कोठे करून मिळेल हे पशुवैद्यक किंवा विद्यापीठाच्या विस्तार केंद्रात विचारावे. नुसते "बुरशी आहे का?" असे विचारून उपयोग नाही. बुरशी असते आणि विष नसते, किंवा विष असते आणि बुरशी मरून गेलेली असते, असे दोन्ही घडते.

घोडा दगावल्यास शवविच्छेदन करून घ्यावे, हे सांगणे सोपे व करणे कठीण आहे याची मला जाणीव आहे. जीव लावलेल्या जनावराची कवटी उघडू द्यायला कोणाचे मन धजावत नाही. शिवाय तालुक्याच्या दवाखान्यात कवटी कापण्याची साधने असतीलच असे नाही. परंतु मेंदू पाहिल्याशिवाय या आजाराचे निदान संशयापलीकडे जात नाही. अर्धा मेंदू बर्फावर रेबीजच्या तपासणीसाठी आणि अर्धा १० टक्के फॉर्मलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी जावा लागतो. हे काम लस घेतलेल्या प्रशिक्षित पशुवैद्यकानेच करावे. आपण कोयता-कुऱ्हाड हाती घेऊ नये. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांतूनही मार्गदर्शन मिळते. सर्रा, हर्पिस, जपानी मेंदूज्वर अशा घोड्यांच्या संसर्गांच्या तपासणीसाठी हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. तेथे नमुने पशुवैद्यकामार्फतच पाठवावेत.

मक्याच्या शेतातच काळजी

येथून पुढे विषय माझा आहे, आणि बहुतेक गोष्टी आपण जाणता. तुरा व कणसाचे केस येण्याच्या वेळी पिकाला पाण्याचा ताण पडला आणि पुढे कापणीला पाऊस लागला, की ही बुरशी फोफावते. तेव्हा त्या अवस्थेतील एक संरक्षित पाणी फार मोलाचे. खोडकिडा व लष्करी अळीचे नियंत्रण केवळ उत्पन्नासाठी नाही. अळीने कणसात पाडलेले प्रत्येक छिद्र बुरशीला दार असते. लष्करी अळी २०१८ मध्ये प्रथम कर्नाटकात आढळली आणि पुढच्याच खरिपात आपल्या मक्यावर पसरली. तेव्हापासून हा धोका वाढला आहे असे माझे मत आहे.

दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की मका पक्व झाला. त्यानंतर पावसाचा रंग पाहून कणसे लवकर काढावीत व पातळ थरात वाळवावीत, ढीग घालू नये. मळणीपूर्वी पांढरी-गुलाबी, काळपट, अळीने खाल्लेली कणसे हाताने निवडून बाजूला काढावीत. या निवडीला मजुरी लागते, म्हणून ती टाळली जाते. पण यंत्रात एकदा चांगले-वाईट एकत्र झाले की चुरा वेगळा करण्यापलीकडे आपल्या हाती काही राहत नाही. मळणी यंत्राचा वेग असा ठेवावा की दाणा फुटणार नाही. साठवणीचा मका १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावा आणि पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अंतर सोडून रचावीत.

निवडलेली खराब कणसे आणि भिजलेल्या हंगामातील मातेरे घोडा, गाढव, खेचर, डुक्कर व ससा यांना अजिबात घालू नये. दुभत्या जनावरांनाही घालू नये असेच मी म्हणेन. बुरसट मालात फ्युमोनिसिनबरोबर अफ्लाटॉक्सिनही असू शकते आणि ते दुधात उतरते.

आबांच्या घोडीचे रक्त नंतर तपासले, ते ठीक निघाले. पुढच्या वर्षी तिला पुन्हा शिंगरू झाले. तिला आता भिजवलेला हरभरा व गव्हाचा कोंडा मिळतो. मका दिलाच तर चाळणीवरचा, आणि तोही शेरभराच्या मापाने. चाळणीखालचे मातेरे खताच्या खड्ड्यात जाते. ते आबा स्वतः नेऊन टाकतात, गड्याच्या हाती देत नाहीत.